पतीचा आवाज उघडून मिळणेबाबत

दिनांक : १२ जुलै (ही तारीख खरी)

प्रति,
मा. संचालक,
वाचा-साहाय्य केंद्र,
दुसरा मजला, सरकारी रुग्णालयाची मागील इमारत

विषय : व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवलेल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘स्वर’ प्रोग्रॅम चालवण्यासाठी नवा परवाना क्रमांक मिळणेबाबत.
संदर्भ : माझा आधीचा अर्ज नामंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

माझे पती शाळेत खेळाचे मास्तर होते. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कोणी बुटाची नाडी न बांधता उभा असला, तरी हे इथून ओरडत आणि तो तिथे वाकत असे. घशाच्या ऑपरेशनपूर्वी आपल्याच केंद्राने त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ‘स्वर’ या प्रोग्रॅममध्ये भरून दिला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावे लागले. तेव्हापासून हे टाइप करतात आणि संगणक त्यांच्या आवाजात बोलतो. भांडणात त्यामुळे माझी सोयच झाली होती, कारण यांचे टाइप होईपर्यंत माझे बोलून संपत असे.

१. सदर संगणक मागील महिन्यात बंद पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला, नुसती मान हलवली आणि झाकण लावून परत दिला. आतली माहिती तेवढी वाचली. परंतु नव्या लॅपटॉपवर ‘स्वर’ चालत नाही. त्याला ती जुनीच ऑपरेटिंग सिस्टिम लागते.

२. म्हणून मी व्हिडिओ पाहून पाहून लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन उभे केले, म्हणजे एका संगणकाच्या पोटात नुसत्या प्रोग्रॅमने केलेला दुसरा संगणक. त्यात जुनी सिस्टिम बसवायला घेतली. आधी जागा कमी दिली गेली, मग निळा पडदा येऊन बसला, मग माउसचा बाण आतल्या खिडकीत अडकला तो बाहेरच येईना. अखेर सिस्टिम बसली, ‘स्वर’ही उघडला, आणि त्याने कळवले की हे मशीन ओळखीचे नाही, केंद्राकडून नवा परवाना क्रमांक घ्यावा.

३. आपल्या खिडकीवरील बाई म्हणाल्या, “मशीन आणून दाखवा.” मी लॅपटॉप नेला. त्या म्हणाल्या, “हा नको, आतला आणा.” मी म्हटले, “ताई, तो हातात धरता येत नाही हो.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग शिक्का मारू कशावर?” मी लॅपटॉप मिटला आणि घरी आले.

४. फोनवरून पडताळणीची सोय आहे असे नंतर कळले. त्यात परवानाधारकाने स्वतः आपले नाव स्पष्ट उच्चारायचे असते. हे फोन कानाला लावून बसले. तिकडून “बोला, बोला” झाले आणि फोन ठेवला गेला. यांनीही ठेवला, पण जरा जोरात.

५. आधीचा अर्ज नामंजूर होण्यात चूक माझी आहे. जुनी सिस्टिम मुदत संपल्याची कुरकुर करू लागली, म्हणून मी आतल्या संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे नेले होते, आणि अर्जही आतच टाइप केला. तारीख आपोआप पडली. त्या तारखेला यांचे ऑपरेशन अजून व्हायचे होते. आपण कळवलेत की, ‘सदर दिनांकास परवानाधारकास वाचा असल्याने तो लाभास पात्र नाही.’ ते पत्र मी पुन्हा एकदा वाचले. दुसऱ्या वेळी जरा बरे वाटले.

६. फोनमध्ये फुकट मिळणारा आवाज घ्यावा, असा सल्लाही मिळाला. तो करून पाहिला. बातम्या देणाऱ्या तरुणीच्या सुरात नवरा “अगं, माझा चष्मा कुठाय?” म्हणाला, तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही.

तूर्त परवान्याअभावी ‘स्वर’ यांच्या आवाजात एकच वाक्य म्हणतो. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी केंद्राने वाचायला दिलेले : “हा नमुना आवाज आहे, कृपया केंद्राशी संपर्क साधा.” हे दिवसभर तेच बटण दाबतात. एकदा दाबले की चहा. लागोपाठ दाबले की दारावर कोणीतरी आले आहे. रागाने दाबले तरी आवाज तसाच शांत येतो, पण मला कळते. काल मी आपल्या कार्यालयातून हात हलवत परतले आणि चप्पल न काढता तशीच बसून राहिले. यांनी लॅपटॉप माझ्या शेजारी आणून ठेवला, आवाज बारीक केला आणि ते वाक्य एकदाच लावले.

तरी परवाना क्रमांक देण्याची कृपा व्हावी. नियमात बसतच नसेल, तर केंद्राने निदान ते एक वाक्य बंद करू नये. सध्या आमचा संसार त्यावर चालला आहे.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
(सही)
परवानाधारकाची पत्नी