प्रकरण ताकिदीवर मिटले

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि. मी धडधाकट आहे. डोकं तेवढं फिरलेलं आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पोलिसांकडे न जाता मी तक्रार आमच्या कमांडिंग ऑफिसरांकडेच दिली. भांडार सांभाळणाऱ्या कॅप्टनने टायरच्या खोलीचं दार लावून माझ्यावर बळजबरी केली, हे याच शब्दांत लिहिलं. आईला मात्र ‘वरिष्ठांचा त्रास’ एवढंच माहीत आहे, तेव्हा फोनवर जपून बोला.

चौकशीला आमच्याच पलटणीतले तीन अधिकारी बसले. मी टायरच्या खोलीत कशाला गेले, हा पहिला प्रश्न. मी गाड्यांची मिस्त्री आहे आणि टायर तिथेच असतात, असं सांगितलं, तर नवा शोध लागल्यासारखं एकाने ते लिहून घेतलं. मग मी ओरडले का नाही. ओरडले, तर कुणी ऐकलं कसं नाही. शेजारी कॉम्प्रेसर चालू होता, तर मी तो आधी बंद का केला नाही! दुपारी ते तिघे मेसमध्ये कॅप्टनच्याच टेबलावर जेवले. मी डबा घेऊन जीपच्या आडोशाला.

हे प्रकरण पलटणीबाहेरच्या कुणीतरी ऐकावं, एवढंच मला हवं आहे. त्याची वाट कुठून जाते ते सांगा, आणि कृपा करून एका पानात सांगा. मामींना नमस्कार.
तुमची,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचून जीव कासावीस झाला. तरीही क्रमाने विचार करू, कारण क्रम सोडला की लष्करी कायदा हातातून निसटतो. आयुष्यभर तोच शिकवला आहे.

प्रथम हे ध्यानात घे की चौकशी म्हणजे खटला नव्हे. चौकशीत केवळ हकीकत गोळा होते. निर्णय कमांडिंग ऑफिसरांचा. ते प्रकरण बंद करू शकतात, किरकोळ अपराध असल्यास स्वतः शिक्षा देऊ शकतात, किंवा ते लष्करी अथवा नागरी न्यायालयाकडे सोपवू शकतात. तुझा अपराधी तिसऱ्या वाटेनेच गेला पाहिजे. एकाच माणसाच्या हाती इतके अधिकार का, असे तू विचारशील. प्रश्न फार सुंदर आहे! रणांगणावर शिस्त मोडली, तर न्यायाधीश शोधत कोण हिंडणार? सेनापतीनेच तत्काळ निवाडा करावा, या गरजेतून ही रचना उभी राहिली.

हे मी मोठ्याने वाचत होतो. तुझ्या मामीने भाजी चिरता चिरता विचारले की टायरची खोली ही कुठली आघाडी, आणि तिथे शत्रू नेमका कोण. मी पुढे वाचत राहिलो. तरी तुझे साहेब माझ्याच वर्गात शिकलेले आहेत. ते योग्य तेच करतील.
तुझ्यावर सदैव माया असलेला,
मामा

ता. क. एका पानात मावले नाही.

२६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. तुमच्या विद्यार्थ्याने योग्य ते केलं आहे.

मला बोलावून सांगितलं की प्रकरण मिटलं. कॅप्टनला कडक ताकीद दिली आहे. माझी बदली दूरच्या डेपोत, तीही म्हणे माझ्याच सोयीसाठी. ज्याने केलं तो जागेवर आणि मी सामान बांधायचं! वरच्या न्यायालयात जाईन म्हटलं, तर साहेब हसून म्हणाले, “एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा होत नाही. तुझ्या मामांना विचार, त्यांनीच शिकवलंय.”

म्हणून विचारते आहे. शिकवलं होतं का? हुकूम मी शब्दन् शब्द उतरवून घेतला: ‘कामाच्या वेळेत भांडाराचे दार बंद ठेवल्याबद्दल कडक ताकीद.’ दाराबद्दल, मामा. माझं नावसुद्धा नाही. रणांगणाच्या गोष्टी आता नकोत. हे संपलं का, तेवढं हो किंवा नाही लिहा.
भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.
नाही. संपलेले नाही.

आता कारण ऐक, कारण ते मोठे मौजेचे आहे. नियम खरा आहे आणि मी तो शिकवला आहे. पण तो त्याच गुन्ह्यापुरता. कॅप्टनला शिक्षा कशाची झाली? दार बंद ठेवल्याची. बळजबरी हा शब्द पलटणीच्या दप्तरात येऊ नये, म्हणून तुझ्या साहेबांनी तो कटाक्षाने टाळला, आणि टाळला म्हणूनच त्या गुन्ह्याबद्दल अजून कोणालाही शिक्षा झालेली नाही. शिवाय इतका गंभीर गुन्हा ताकिदीवर मिटवण्याचा अधिकार त्यांना नाहीच. अशा वेळी नागरी न्यायाधीश प्रकरण आपल्याकडे मागवून घेऊ शकतात.

पोलिसांकडे जाऊ नकोस हा माझा सल्ला साफ चुकला. काल इथल्या वकीलबाईंना भेटलो. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला समजावणे बंद करायला सांगितले. बाई हुशार आहेत. न्यायाधीशांकडे द्यायच्या अर्जावर तुझी सही हवी. समन्स घरच्या पत्त्यावर येईल, तेव्हा आईला त्याआधी तूच सांग. मामी सोबतीला येईल.
मामा

१९ एप्रिल

ती. मामा-मामींस,
भिंगरीचा सा. न. वि. वि. मामा, तुम्ही कोर्टाबाहेरच्या बाकावर पट्टेवाल्याला कलमं शिकवत बसला होतात, म्हणून आतलं कळवते.

आईला सांगितलं होतंच. ती माझ्यामागे बसली होती. साहेबांचं उत्तर आधीच आलं होतं: प्रकरण मिटले आहे. न्यायाधीशबाईंनी ताकिदीचा हुकूम वाचला आणि पलटणीच्या वकिलाला विचारलं की दाराची शिक्षा समजली, बाईवरच्या बळजबरीची कुठे आहे. तो कागद चाळत राहिला. प्रकरण त्यांनी आपल्याकडे घेतलं. कॅप्टनला पुढच्या तारखेला हजर राहावं लागेल. तारीख जूनमधली आहे, म्हणजे वैताग संपलेला नाहीच. डेपोतही माझ्याबद्दलची कुजबुज माझ्याआधी पोचली आहे.

पण एक झालं. चौकशीपासून आजवर प्रत्येकाने मला विचारलं की मी काय केलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं की त्याने काय केलं.

मग मी सांगितलं. सगळं.
तुम्हा दोघांची माया अशीच पाठीशी राहो,
भिंगरी