दाताचा रंग उजेडात बघावा

कोपरखैरणे, नवी मुंबई
३ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप बाबांस,
क्षिप्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इथं मजेत आहोत. सगळे म्हणजे आशुतोष आणि मी. एक मांजर आहे, पण ती सोसायटीची. महाडला थंडी कशी आहे? आईला फोनवर विचारत असतेच, पण तुमच्याकडून काही ऐकून दोन वर्षं झाली. पत्र फाडायच्या आधी एवढं वाचा, की यात भांडण नाही. एका पेशंटबद्दल लिहायचं आहे.

दवाखाना बरा चालला आहे. खुर्ची उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवली आहे. दाताचा रंग ट्यूबलाइटखाली बघू नये, उजेडात बघावा, ही तुमचीच शिकवण. बाकी इथलं तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. उद्घाटनाला तुमच्यासाठी राखून ठेवलेला नारळ शेवटी आशुतोषनं फोडला आणि तोही धड फुटला नाही.

तर पेशंट. जमुनाबाई, तळवली गावातली, मासे विकते. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला होता. तुमच्या पद्धतीनं तो दात चारी बाजूंनी घासून खुंट करायचा आणि वर टोपी चढवायची. मी फक्त दर्शनी बाजू हलकीशी घासली आणि मुंबईच्या लॅबकडून पोर्सेलीनचा नखाएवढा पातळ पापुद्रा करून आणला. तो दाताला चिकटवला. आपल्या दवाखान्यात त्या मास्तरीणबाईंना मी हेच सुचवलं होतं आणि तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात, "गोंदानं चिकटवायला हे काय पोस्ट ऑफिस आहे?" त्याच संध्याकाळी मी बॅग भरली. असो. भांडण नाही म्हटलंय.

"निघाला असेल तो पापुद्रा!" असं तुमच्या मनात आलंच असेल. हो, निघाला. आठवडासुद्धा टिकला नाही. जमुनाबाई दारातूनच ओरडली, "डाक्तरीनबाय, दात निंगाला गो! पन हरवला नाय, पदरान बांधून आनलाय."

त्या दिवशी तुमची फार आठवण झाली. तुम्ही कसे हसला असतात, तेच डोळ्यांसमोर येत होतं. मग शांतपणे बसून कारण शोधलं. यात सगळा खेळ कोरडेपणाचा. दाताला आम्ल लावून, धुऊन वाळवलं की तो खडूसारखा पांढरा दिसतो. त्या खरखरीत भागात चिकटवायचं द्रव्य शिरतं आणि घट्ट धरून बसतं. पोर्सेलीनही आतून वेगळ्या आम्लानं तसंच खरखरीत करून घ्यायचं. पण त्या पांढऱ्या दाताला थुंकी लागली की संपलं. वरवर कोरडा दिसतो, पण पकड धरत नाही. आणि दात नेमका पांढरा झालेला असताना जमुनाबाईनं कापसाचा बोळा जिभेनं सारून मला विचारलं होतं, "उद्या सुरमई आनू का गो तुला?" मी नुसती हवा मारून दात वाळवला आणि पुढं गेले. परत पहिल्यापासून आम्ल लावायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी रबराचा पडदा ताणून बसवायला घेतला. त्यातून दात तेवढे बाहेर राहतात, तोंड सगळं आत. म्हटलं, आता अजिबात बोलायचं नाही. तर म्हणते, "अवरा मोटा रबर लावल्याव बोलू कशी?" पुन्हा आम्ल, पुन्हा धुणं, वाळवणं, चिकटवणं, वरून ते द्रव्य कडक करणारा निळा दिवा. आता वर्ष होत आलं. मिश्री सुटलेली नाही, पण दात जागेवर आहे. गावभर दाखवत फिरते. चिंबोरीची नांगी पुढच्या दातानं फोडायची नाही असा माझा हुकूम आहे आणि तो आपण पाळतो असं ती शपथेवर सांगते.

हे सगळं तुम्हाला का लिहिते आहे, ते तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. आईनं सांगितलं. तिच्यावर रागावू नका. ऊस सुरीनं कापून खा, म्हणून सगळ्या महाडला दटावणाऱ्या डॉक्टरांनी संक्रांतीचा ऊस दातानं सोलला! फोनवर मी आधी हसले आणि मग रडले. तुम्ही हल्ली मिशीवर हात धरून बोलता, पेशंटशी तर मोजकंच बोलता, असं ती म्हणाली. पंधरा तारखेला हौसेरावकाका तो दात घासून टोपी बसवणार, असंही म्हणाली. काकांचा हात चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बाबा, तो दात जिवंत आहे, कोपराच तेवढा गेलाय. एकदा घासलेला दात परत येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

माझ्याकडे या. दोन खेपा होतील, एक मापाची आणि दुसरी, आठवड्यानं, चिकटवायची. रंग तर मला बघायलाही नको. लहानपणी मी तोंड उघडावं म्हणून तुम्ही आधी स्वतः 'आ' करून दाखवायचात. तो दात मला पाठ आहे. फिकट, जरासा पिवळसर, टोकाशी काचेसारखा. लॅबला तसंच कळवून ठेवते. महाडहून येणारी गाडी कळंबोलीला थांबते. आशुतोष स्कूटर घेऊन उभा राहील.

चिकटवताना तुम्हालाही तो रबराचा पडदा लावावा लागेल. तासभर तुम्हाला बोलता येणार नाही. आणि मला तर खूप बोलायचं आहे. दात हे निमित्त आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मला दातही वाचवायचा आहे आणि तुम्हीही हवे आहात.

वाट बघणारी,
क्षिप्रा


महाड
७ फेब्रुवारी १९९८

चि. क्षिप्रास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फाडलं नाही. तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, हे लग्नापासून ठाऊक आहे.

नुसती हवा मारून पुढं गेलीस, हा गाढवपणा. माझ्या दवाखान्यात असतीस तर कान उपटला असता. दुसऱ्या वेळी पहिल्यापासून सुरुवात केलीस, ते ठीक.

हौसेरावला नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, "गोंदानं चिकटवून घेणार की काय?" मी म्हटलं, "ते माझ्या मुलीला विचार."

लॅबला रंग कळवला असशील तर आधी फोन करून थांबव. दाताचा रंग कुणी आठवणीवर घेतं का? तुला पाठ आहे तो माझ्या चाळिशीतला दात. त्यावरून पुष्कळ चहा वाहून गेला. तू गेल्यापासून रोज पानही खातो, हे तुला आईनं सांगितलेलं दिसत नाही. दात चांगलाच काळवंडला आहे. मला समोर बसव आणि खिडकीपाशी नीट बघ.

दोन खेपा या वयात जमायच्या नाहीत. माप झालं की मधले दिवस तिथंच राहीन. नारळ घेऊन येतो. आशुतोषला हात लावू देऊ नकोस.

रबर लावलंस की मी गप्प बसेन. तू बोल.

तुझा पेशंट,
बाबा