मामंजीच्या पानावरचं भांडण

४ ऑगस्ट, सोमवार

मामंजीचं पान काढून टाकणार म्हणे!

सकाळी मनिषानं मोबाईल दाखवला. मनिषा माझी नात, लातूरला कॉलेजात शिकवती, सध्या रजेवर घरी आलीय. नेटवर एक ज्ञानकोश हाय, जगातल्या सगळ्या गोष्टींचा. त्यात तिनं पंधरा दिवसांखाली माझ्या सासऱ्याचं पान लिवलं. सटवाजी सोनकांबळे, पंचायत समितीचे सदस्य, १९६२ ते ६७. तालुक्यात आपल्या समाजाचे पहिले. सुनेनं सासऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून वहीतबी हात अडला. लिवलंच.

पानावर एकानं लाल चौकोन चिकटवलाय — ‘ही व्यक्ती उल्लेखनीय वाटत नाही. सात दिवस चर्चा, मग निर्णय.’ कोण हाय हा? मनिषा म्हणली, टोपणनावानं लिवतात. ह्याचं ‘अभ्यासक’.

बघतेच त्याला.

५ ऑगस्ट

अभ्यासकाचं म्हणणं असं की आमदार-खासदाराला पान मिळतं, पण पंचायत समितीवाले हजारो होऊन गेले, सगळ्यांची पानं कशी करायची.

का? कागद लागतो व्हय तिथं?

मनिषा हसली. पण म्हणली, आज्जी, त्याचंबी खोटं न्हाई. उद्या कुणीबी आपल्या आजोबाचं पान करील. पेपरात, पुस्तकात छापून आलेलं पाहिजे. घरच्यांचं सांगणं चालत न्हाई.

शेजारच्या महादेवीला सांगितलं तर म्हणती, “सासरा जाऊन चाळीस वर्षं झाली, आता कुठली निवडणूक लढवून राहिलीस गं?”

लढवून राहिलेच. तिनं आमटी दिली वाटीभर. चांगली हुती, चिंच जरा जास्त.

७ ऑगस्ट

नांदेडला जाऊन आले, मनिषासंगं. एसटीत मला तिकीट न्हाई, तिला अर्धं. वाचनालयात जुन्या पेपरांची बाडं. मी तिसरी शिकलेली, बोट ठेवून वाचते. मनिषानं चार बाडं चाळली, माझं एकच झालं — आणि सापडलं मलाच! १९६४. टिंगलीच्या सदरात चार ओळी. ‘एक सदस्य बैठकीला घरून स्वतःची खुर्ची आणतात. खुर्चीची हौस असावी तर अशी.’ खाली मामंजीचं नाव, गाव.

हौस म्हणे. मामंजी गेले की तिथं खुर्ची नेमकी एकच कमी पडायची. चार बैठका दाराजवळ उभे ऱ्हायले. पाचवीला घरून नेली. मग मुदत संपेस्तोवर नेली.

आणि डोक्यावर कोण घेऊन चालायचं? सासूबाई. सहा मैल जायचं, सहा यायचं. शेवटच्या वर्षी मी सून होऊन आले, डोळ्यांनी पाहिलंय. पेपरवाल्याला तेवढं दिसलं न्हाई.

८ ऑगस्ट

मनिषानं कात्रणाचा फोटो चढवला. अभ्यासक म्हणतो, ‘एक उपरोधिक टिपण पुरेसे नाही.’ पण आणखी दोघं आले. एक म्हणतो ठेवा, एक म्हणतो काढा. मामंजीवरनं कुठकुठली माणसं भांडून राहिलीत! लई मजा वाटली. आज एक भाकरी जास्त खाल्ली.

मनिषाला म्हणलं, पानात सासूबाईचं घाल. घालता येत न्हाई म्हणली. छापील न्हाई.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चेत कुणीबी लिवू शकतं म्हणे. मग मीच लिवलं. एका बोटानं, दोन तास. मनिषाला हात लावू दिला न्हाई.

‘मी त्यांची सून. ती खुर्ची भीमाबाई सटवाजी सोनकांबळे डोक्यावर न्यायच्या. मी पाहिलंय. बैठक सुटेपर्यंत बाहेर उन्हात बसायच्या, कारण परत न्यायची असायची. एकदा तिथंच ठेवली तर सकाळी मोडलेली सापडली. तुम्ही छापील मागता. छापणारा आमचा नव्हता.’

तासाभरानं अभ्यासकाचं उत्तर. ‘आजी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण नियम सर्वांना सारखा.’

मी लिवलं, ‘आदर तुमच्याजवळ ठेवा. पान इथं ठेवा.’

महादेवीला वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं.

११ ऑगस्ट

काही न्हाई अजून. तवा तापत ठेवून मोबाईल बघत बसले.

१२ ऑगस्ट

पान गेलं. ठेवा म्हणणारे तीन, काढा म्हणणारे पाच.

एवढ्यानं मी गप बसंन असं वाटलं व्हय त्यांना.

१३ ऑगस्ट

मनिषा सांगती, पान काढतात पण चर्चा काढत न्हाईत. जपून ठेवतात — उद्या कुणी तेच पान परत केलं तर दाखवायला. कायमची. मी विचारलं, माझं लिवलेलंबी? “हाव आज्जी, एक अक्षर कुणी हलवणार न्हाई.”

पानात सासूबाई नव्हत्याच. भांडणात हाईत.