तक्रारीचं बटण

मंगळवार, संध्याकाळ. देवपूर, धुळे

डोकं फिरलंय. अहिराणी बोलणाऱ्यांना आपसात लिहिता-वाचता यावं म्हणून मी घरूनच हा छोटा सोशल मीडिया सर्व्हर चालवते. कुठल्या कंपनीचा हुकूम नको, आपले नियम आपणच ठरवू, म्हणून चाळीसेक माणसं मोठं ॲप सोडून इथे आली. कुणाचं लिखाण खटकलं तर प्रत्येक पोस्टखाली तक्रारीचं बटण आहे. ते दाबायचं, मी बघते. पण नाही.

आज बोदवडच्या एका मुलीने पाचोऱ्याच्या नानांची कविता रटाळ म्हटली. नानांनी थेट माझ्या सासऱ्यांना फोन केला. "आबा, तुमनी सूनले सांगा, ते बठ्ठं काढी टाक."

आबांनी आमचा सर्व्हर कधी उघडूनही पाहिलेला नाही. तरी चहा पिता पिता निकाल दिला, "काढी टाक ना पोरी, मोठा मानूस शे तो."

मी नाही काढलं. मग बटण कशाला ठेवलंय?

तेवढ्यात नानांनीच सर्व्हरवर त्या मुलीला लिहिलं, "कविता काय शे ते तुन्हा बापले इचार." बाप काढणं आमच्या नियमात बसत नाही. नानांना ताकीद लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या.

शेवटी त्यांच्या बायकोला फोन लावला. "अक्का, नानांना सांगा ना, तेवढं काढून टाका म्हणावं."