गलबतांच्या खेळाची कॅसेट

लासुर्णे, दि. २७ मार्च १९९४

ती. आप्पास,
धाकट्या शकूचा शि. सा. न. वि. वि.

हिकडं समदी खुशाल. वहिनींचा गुडघा कसा हाय ते कळवा. माझं शिक्षण चौथीपातूर, तवा चुका काढत बसू नका, मजकूर वाचा.

परवा योगिनीच्या सासरी कोऱ्हाळ्याला जत्रेला गेले होते. कासाराकडं लेकीला बांगड्या भरत होते. दोन चढल्या, तिसरी मनगटावर होती, आन् शिनेमाच्या तंबूच्या कर्ण्यातनं आमचे मालक बोलले.

आप्पा, माणूस जाऊन दीड वरीस झालं. पण आवाज त्योच. त्यो इंग्रजी गलबतांचा शिनेमा, ज्याचं एक अक्षर कुणाला कळत न्हाय, त्यो मालक माईकवर मराठीतनं सांगायचे, तुमाला ठावं हाय. ह्यो सरदार साधा चोर न्हाय, राणीसरकारांची शिक्क्याची चिठ्ठी खिशात घालून दुश्मनाची गलबतं लुटतो. दिवाण आतनं फितूर हाय. दर्या म्हंजे उजनीच्या धरणाला पलीकडचा काठच न्हाय असं समजा. वादळात खलाशांना हाळी द्यायचे ती आपली मेंढरं वळवायची हाळी. लोक त्याच हाळीसाठी दोन-दोनदा आत जायचे. शिनेमा कोण बघत होतं?

मंग तंबूवाल्या सर्जेरावानं काय केलं? मालकांना खोकला लागला तसं बारामतीला नेऊन एका बैठकीत समदा शिनेमा कॅसेटवर बोलून घेतला. म्हणाला, तुमच्या घशाला आराम. आन् पुढच्या जत्रेपासून येऊ नका म्हणून निरोप धाडला. ते घशाच्या रोगानं पडले, शेवटचे चार महिने तर खुणेनंच पाणी मागत होते. सर्जेराव बघायला आला न्हाय. दहाव्यालाबी न्हाय.

मी तशीच उठून तंबूत गेले. त्याला म्हटलं, कॅसेट दे, घरात त्यांचा दुसरा आवाज न्हाय. तर म्हणतो कसा, आवाज तंबूचा हाय, बाई. बाई म्हणाला मला! वीस वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस.

चैत्रात तंबू आमच्या लासुर्ण्याला येतोय. मी त्याला सोडणार न्हाय. तुमी मधी पडू नका.

माया हाय तशी असू द्या.
तुमची शकू

*

माळेगाव बुद्रुक, दि. ५ एप्रिल १९९४

चि. शकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. वहिनीचा गुडघा बरा आहे, जीभ तर पहिल्यापासूनच बरी आहे. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू मधे पडू नका म्हणालीस, म्हणून मी पडलो. सर्जेरावाला बारामतीच्या स्टँडवर गाठला. आधी गुरगुरला, मग दहाव्याला न आल्याची लाज वाटते म्हणाला. खरे की खोटे, देव जाणे. पण कॅसेट एकच आहे, तिची नक्कल करून देतो असे त्याने कबूल केले आहे. जत्रांची घाई संपली की देईल. मी त्याच्याकडून वदवून घेतले आहे.

तेव्हा तू घरात बस. लहानपणी तुझ्या बाहुलीला हात लावला म्हणून तू माझी पाटी विहिरीत टाकली होतीस आणि मग शाळेत मार मीच खाल्ला. म्हस्कूरावांचा आवाज तुला मिळणार आहे. तेवढ्यावर समाधान मान. तंबूकडे फिरकू नकोस.

सर्वांना आशीर्वाद. राग कमी, तब्येत जास्त सांभाळ.
तुझा आप्पा

*

लासुर्णे, दि. १९ एप्रिल १९९४

ती. आप्पास,
शि. सा. न. वि. वि.

तुमी सांगितलं तसं मी घरात बसणार होते. खरंच. पण कर्णा आमच्या दारापातूर ऐकू येतो. दिवेलागणीला पहिला खेळ सुरू झाला, मालकांनी मंडळींना रामराम घातला, आन् माझा पाय घरात ठरंना.

मशीनवाला जुना माणूस. वहिनी या, म्हणून मशीनजवळ पोतं टाकून दिलं. पडद्यावर शिनेमा, हिकडं टेपावर कॅसेट. मी गुमान ऐकत बसले. दिवाणानं राणीम्होरं सरदाराची चिठ्ठी खोटी ठरवली, त्याला एका खडकावर सोडून गलबत निघालं, तितंच मालकांना खोकला आला. कॅसेटवरच. सर्जेरावानं त्योबी तसाच ठेवला होता. लांब, आतडं पिळवटणारा. घरात रात-रात ऐकलेला खोकला त्यो, आप्पा.

आन् लोक हसले. एकानं तसाच खोकला काढून दावला, मंग दुसऱ्यानं. म्होरं खुर्चीवर सर्जेराव बसलेला, त्योबी हसला.

मी टेप उघडला, कॅसेट काढली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आन् फीत वढली. वढत राह्यले. हातभर, पुरुषभर, त्याच्या मांडीवर ढीग झाला. उरली ती तंबूच्या दोऱ्यांपलीकडं भिरकावली. त्यो नुसता बघत बसला. त्याचं तोंड बघून लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पडद्यावर तलवारी चालल्यात, कर्णा मुका. लोक शिट्ट्या मारायला लागले, कनात फाडतील असं झालं. मी माईक घेतला. वीस वर्षं चुलीम्होरं ऐकलंय, मला काय येत न्हाय? म्हटलं, मंडळी, ह्या दिवाणाचं नाव सर्जेराव. सरदार खोकायला लागला म्हणून ह्यानं त्याला खडकावर टाकला. त्यो मेला तरी बघायला आला न्हाय. समदं सांगितलं, नावगावानिशी. माणसं हसायची थांबली. खोकला काढणारा मान खाली घालून बसला. शेवटाला शिनेमात सरदार तलवार खाली घेतो आन् दिवाणाला माफ करतो. मी माईकवर सांगितलं, मंडळी, हे असं दावत्यात, पण ह्या सरदारानं माफ केलेलं न्हाय.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुमी हवे होता.

तुमची शकू

*

माळेगाव बुद्रुक, दि. २४ एप्रिल १९९४

चि. शकूस,
आशीर्वाद.

मी टाळ्या वाजवायला नव्हतो ते बरे झाले. सर्जेरावाने माझ्या सांगण्यावरून कोरी कॅसेट आणून ठेवली होती. बारामतीच्या दुकानातून मंगळवारी नक्कल होणार होती. जत्रा संपेपर्यंतही तो थांबला नव्हता. आणि तू सोमवारी फीत ओढलीस. एक दिवस, शकू.

योगिनी काल आली होती. जेवली नाही. तिला दिवस गेले आहेत, हे तुला अजून सांगायचे होते तिला. ती फीत गोळा करता येईल का, दुकानदाराला दाखवता येईल का, ते बघ. जमेल तेवढे तरी वाचव.

आणखी काय लिहू? आशीर्वाद आहेतच.
आप्पा

*

लासुर्णे, दि. ११ मे १९९४

ती. आप्पास,
शि. सा. न. वि. वि.

फीत गोळा केली. बाभळीच्या काट्यावरली काढली, मातीतली काढली. जत्रेची माणसं आन् बैलगाड्या तिच्यावरनं गेल्या होत्या. मी सोता बारामतीला घेऊन गेले. दुकानदारानं पिशवीत हात घातला आन् मलाच पाणी प्यायला दिलं. तवा समजले.

तुमी बरोबर, मी चूक. आता ह्यावर पुन्हा लिहू नका.

दुसरं असं की सर्जेराव दारात आला. इंदापूरच्या जत्रेत लोक गलबतांच्या खेळाला बाई कधी बोलणार म्हणून इचारत होते. त्याच्याकडं दुसरं कुणी बोलणारं न्हाय. चपला बाहीर काढून उंबऱ्यापाशी बसला. मी एकच अट घातली. दर खेळाच्या आधी त्यानं सोता माईकवर सांगायचं, की ह्यो खेळ म्हस्कूरावांनी बांधला, ते आजारी पडले तवा मी त्यांना काढून टाकलं, आन् त्यांच्या दहाव्यालाबी गेलो न्हाय. व्हय म्हणाला. धंदा हाय त्याचा.

इंदापुरात बोलला. कागदावर लिहून आणलं होतं, तेच वाचलं. त्याची बायको म्होरच्या रांगेत होती, तिनं पदर तोंडावर घेतला. मंग मी माईक घेतला आन् खेळ सांगितला. हाळीबी दिली, पण माझी बारीक निघते.

योगिनी आता बोलती माझ्याशी. तिनं इचारलं, आबांचा आवाज कसा होता ते लेकराला कशावरनं ऐकवू? मला उत्तर आलं न्हाय.

खेळ सुटल्यावर सर्जेरावानं हात जोडून इचारलं, एकदा समद्यांम्होरं बोललो, आता पुढच्या गावाला तेवढं सोडाल का? त्याचं उत्तर मला लगेच आलं. न्हाय.

रागावला असाल तरी माया तोडू नका.
तुमची शकू