कापलेली चार मिनिटं

प्रिय खारूताई,

पडल्या पडल्या बघायला म्हणून तू पाठवलेला डीव्हीडींचा संच मिळाला. काळ्या खोक्यावर 'फक्त प्रौढांसाठी, संपूर्ण आवृत्ती' असा ऐटबाज शिक्का पाहून हसूच आलं. हीच ती आपली कोल्हिणीची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका! संध्याकाळी पाचला ती पोरांना दाखवायची आणि तिच्या चित्रांचे डबे, दप्तरं, उशासुद्धा विकायच्या, हा आमच्या वाहिनीचा धंदा. पोरांसाठी जे कापायला मला पगार मिळायचा, तेच आता मोठ्यांना खोक्यावर ठळक छापून विकतात.

शाळा सुटली की तू माझ्या संकलनाच्या खोलीत येऊन फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसायचीस, आठवतं? रक्त दिसलं की मी ते काढायचो, दारूचा पेला रंगवून संत्र्याचं सरबत करायचो. खलनायक आपला सरबत पिऊन झिंगतोय! मग तू शाळेत सांगत सुटलीस की संत्र्याच्या सरबताने चक्कर येते, आणि तुझ्या बाईंनी मला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. तुझी आई त्या रात्री जेवताना पोट धरधरून हसत होती. तिचं ते हसू अजून कानात आहे.

एकोणिसाव्या भागात कोल्हीण मरते. पिल्लू तिच्या कुशीत शिरून निरोप घेतं, पुरती चार मिनिटं. मुलांच्या वेळेत आईचं मरण नको, असा वाहिनीचा नियम. रडवेली पोरं डबे मागत नाहीत. मी चारही मिनिटं उडवली आणि आवाज देणाऱ्या बाईंकडून एक वाक्य भरून घेतलं: "आई लांबच्या डोंगरात गेलीय, येईल हं." सांधा कुठे दिसतही नव्हता. साहेबांनी पाठ थोपटली, मीही फुशारलो.

वर्षभरात तुझी आई गेली. तुला कधीच सांगितलं नाही ते आज सांगतो. शेवटच्या दुपारी दवाखान्यात ती मला म्हणाली होती, "तिला घेऊन ये, मला एकदा बघू दे." मी तुला मावशीकडे खेळायला धाडलं. आणि नंतर तुला तेच वाक्य ऐकवलं, जसंच्या तसं. तू मान डोलावलीस. पुढे कितीतरी महिने रोज पाचला टीव्हीसमोर बसायचीस, कोल्हीण परत आली का ते बघायला. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत राहायचो.

काल तो भाग लावला. पिल्लू खूप रडतं. मग उठतं, आईच्या अंगावर एकेक पान आणून ठेवतं आणि शेजारी झोपी जातं. इतकंच. यात कापण्यासारखं काही नव्हतं गं. मला माफ कर.

परवा फोनवर नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही लांबच्या डोंगरात कधी जाणार? आई म्हणाली." मी रागावलो नाही, वाक्य माझंच आहे. पण डॉक्टरांनी दिलेले दोन महिने आता सरत आलेत. तिला खरं ते सांग. रडली तर रडू दे. आणि या रविवारी तिला घेऊन ये, मला एकदा बघू दे.

तुझाच,
बाबा