शाफ्टवरचा मुलामा

अमरावती, मंगळवार

प्रिय आचल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही ते उघडलंस, हे बरं केलंस. तू अकोल्यात अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतेस, असं कळलं. मुलं नशीबवान.

आधी बातमी. नांदगाव पेठच्या कापड गिरणीत आपला मुलामा दिलेला शाफ्ट, गिअरबॉक्समधला तो फिरता दांडा, आठ महिने चालला. यंत्र सुरू होताना तेल पोचायच्या आधी धातूवर धातू घासतो, खरी झीज तेव्हाच होते, हे मला तूच समजावलं होतंस. गेल्या आठवड्यात तिथले जुने फिटर खुशालराव यांनी गिअरबॉक्स उघडला, तेल पुसलं, शाफ्टवर नख फिरवलं. म्हणाले, "पोरी, याले तं ओरखडाबी नाई." मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं. आम्ही मोजलं, तर झीज बिनमुलाम्याच्या शाफ्टच्या निम्म्याहून कमी. मला आश्चर्य वाटलं नाही. मुलामा टिकणार, याची खात्री होती.

आपण दोघींनी याच गिरणीत पहिल्यांदा मुलामा दिला, तेव्हाही मला अशीच खात्री होती, पण चुकीच्या गोष्टीची. निकेलमध्ये सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण जितके जास्त तितका मुलामा टणक, हा माझा हट्ट. तू म्हणत होतीस, "कमी टाक. कणाचे गोळे होऊन राहिले, आधी ते फुटू दे." अकरा दिवसांत मुलाम्याचे पोपडे निघाले, सुटलेले कण तेलात फिरले आणि शाफ्ट खरवडून निघाला. गिरणी दोन दिवस बंद होती.

गेल्या वर्षी कपाटात तुझी वही सापडली. कण मी टाकले होते त्याच्या एक चतुर्थांश, ढवळणं चार तास. मी एकही आकडा बदलला नाही. पहिलाच नमुना घट्ट बसला, तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच होते आणि सांगायला कोणी नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गिरणी बंद पडली त्या दिवशी आपल्या प्रयोगशाळेच्या सरांनी विचारलं, मुलाम्याचं द्रावण कोणी बनवलं, आणि मी तुझं नाव घेतलं. तू आठवडाभरात अमरावती सोडलीस. द्रावण मी बनवलं होतं. तुला न विचारता कण ठरल्यापेक्षा दुप्पट टाकले होते. काल हे सगळं सरांना सांगितलं. पेटंटच्या अर्जात पहिलं नाव तुझं आहे. अर्ज घेऊन रविवारी अकोल्याच्या जुन्या शहरात, तुझ्या घरी येतेय. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव. सही मात्र कर, कारण काम तुझं आहे.

तुझीच,
प्रणाली